गाणे क्रमांक सतरा, नग एक

आमच्या घरात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कुणी ताजं लोणचं खाल्लेलं नाही. लोणचं दरवर्षी घालते मी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मंडईतून कैऱ्या फोडून आणून. पण ते खायचं पुढच्या वर्षी. कारण यंदा गेल्या वर्षीची बरणी संपवायची असते आणि पुढच्या वर्षी यंदाची. आधी आलेला माल आधी बाहेर, नंतर आलेला नंतर. हा नियम माझ्या नवऱ्याचा. चौतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. तिथलं स्टोअर हातातून सुटलं तेव्हा त्याने माझ्या सगळ्याच स्वयंपाकघराचं स्टोअर केलं.

नवऱ्याचं नाव दिगंबर टेंबे. समोर मी अहो-जाहो करते, पण इथे एकेरीच लिहिणार आहे. एवढी वर्षं संसार केल्यावर तेवढा हक्क आहे माझा. अशा माणसांची चरित्रं कुणी लिहीत नाही, कारण यांनी काही केलेलं नसतं, फक्त सगळं जागच्या जागी ठेवलेलं असतं. तेव्हा मीच लिहिते.

निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात त्याने डाळींच्या डब्यांना दोऱ्याने कार्डं बांधली. आले किती, गेले किती, शिल्लक किती. मी फोडणीला जिरं घातलं की मागून आवाज यायचा, "नोंद?" मी म्हटलं, ठीक आहे, माणूस नवा नवा निवृत्त झालाय, होईल हळूहळू बरा. पण एकदा पाहुणे आले, मी चांगल्या कपबश्या काढायला गेले, तर हा दाराशी उभा. म्हणाला, "मागणीपत्र लिही. वस्तूचं नाव, नग, कारण, सही." पाहुणे बाहेर बसलेत आणि मी माझ्या माहेरच्या कपबश्यांसाठी अर्ज लिहायचा! मी म्हटलं, "अहो, मेले तरी या जन्मात मी तुम्हाला मागणीपत्र लिहून देणार नाही." त्या दिवशी पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यातून चहा दिला, आणि तो का दिला तेही सांगितलं. मग कार्डं गेली. मागणीपत्र गेलं. लोणच्याचा नियम त्याहून जुना, तो तेवढा राहिला.

आता कराओकेचं सांगते. सदाशिव पेठेत हल्ली दर दोन गल्ल्यांआड एक कराओके मंडळ आहे. वाद्यांची बाजू मशीन सांभाळतं, गायचं आपण. लोक साठीपर्यंत गप्प बसतात आणि मग गातात, तुम्ही ऐका नाहीतर नका ऐकू. आमचं मंडळ म्हणजे 'सूरसंध्या'. नऊ वर्षांपूर्वी मी त्यात गेले. दिगंबर मला स्कूटरवरून न्यायला यायचा आणि दाराशी बसून पेपर वाचायचा. गाण्याचा आणि त्याचा संबंध आरतीपुरता. पण एकदा त्याने मंडळाच्या लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं. गाण्यांची नावं होती 'नवीन', 'नवीन दोन', 'हेच घ्या' आणि 'हे नको'. त्याच्या चेहऱ्यावर अशी कळवळ दिसली, की मला वाटलं पोटात दुखतंय. पुढच्या रविवारपासून लॅपटॉप त्याच्या ताब्यात. चोवीस गाण्यांचा कार्यक्रम असेल तर एक ते चोवीस क्रमांक, प्रत्येकाच्या नावाआधी मंडळाचं पूर्ण नाव, कारण कारखान्यात आधी खातं लिहायचं आणि मग वस्तू. 'सूरसंध्या ज्येष्ठ कराओके मंडळ, गाणे क्रमांक एक', असं चोवीसपर्यंत. आठ वर्षं एकदाही चुकीचं गाणं वाजलं नाही. मात्र गाणी कोणती होती, बरी झाली की वाईट, हे त्याला विचारू नका. तो म्हणायचा, "चोवीस दिली, चोवीस वाजली."

माझंही त्यात आलंच. मी गायले आणि घरी येताना विचारलं, कसं झालं, तर उत्तर, "वेळेत सुरू झालं."

आणि मला तर तीच एक हौस होती, की कुणीतरी ऐकावं. कुणीतरी म्हणजे यमुनाबाईंनी. सतरा-अठरा वर्षांची असताना मी त्यांच्या गाण्याच्या वर्गाला जायचे. मग टेलिफोन खात्यात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि गाणं राहिलं ते राहिलंच. वर्ग सोडताना पाया पडले तर बाई एवढंच म्हणाल्या, "तयार झालं की ऐकायला बोलाव." आशीर्वाद नाही, काही नाही. अठ्ठेचाळीस वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलंय. मंडळातसुद्धा मी समूहगीतात, फार तर कुणाबरोबर जोडीने. यंदा जूनच्या वार्षिक कार्यक्रमात पहिल्यांदा एकटीचं गाणं मिळालं. क्रमांक सतरा. मी धीर करून बाईंना फोन लावला. बाई आता एक्क्याण्णव. म्हणाल्या, "येते. झोप आली तर झोपेन."

झालं! मी तयारीला लागले. आणि नेमकं मे महिन्यात त्या लॅपटॉपने स्वतःला अपडेट करून घेतलं.

त्या सकाळचं सांगते. मी पोहे करत होते. दिगंबरने गाणं निवडायला म्हणून लॅपटॉपवर नेहमीची खिडकी उघडली आणि बराच वेळ बाहेरून काहीच आवाज नाही. जाऊन बघते तर हा हाताची घडी घालून पडद्याकडे बघतोय. पूर्वी त्या खिडकीत साधी यादी यायची, एकाखाली एक, पूर्ण नाव. आता मोठे मोठे चौकोन आले होते. प्रत्येक चौकोनात तेच एक निळं सुराचं चित्र, आणि खाली मावेल तेवढं नाव. मावत होतं फक्त 'सूरसंध्या ज्येष्ठ' एवढंच. पुढे तीन टिंबं. चोवीस चौकोन, चोवीस निळे सूर, चोवीस सूरसंध्या ज्येष्ठ.

"अहो, मग नावं बदला की," मी म्हटलं.

"नोंद झालेल्या मालाचं नाव मध्येच बदलत नाहीत. मार्चमध्ये बदलतात."

"मार्च होऊन गेला."

"पुढच्या."

कपाळ माझं! पण खरा घाव तो नव्हताच. त्याने चाचपून एक गाणं उघडलं, बंद केलं आणि पुन्हा ती खिडकी उघडली, तर ते गाणं पहिल्या जागेवर जाऊन बसलेलं. दुसरं उघडलं, ते पहिलं झालं. दिगंबर खुर्चीवरून उठला. "उल्का, हे शेवटी हात लावलेलं पहिलं ठेवतं!" घरात चोरी झाल्यासारखा आवाज. "ज्याने कुणी हे बनवलं ना, त्याने जन्मात गोदाम पाहिलेलं नाही." खाली बारीक अक्षरात प्रश्न होता, तुमचा अनुभव कसा वाटला. त्याने एका बोटाने उत्तर टाइप केलं, 'स्टोअरच्या दृष्टीने घातक', आणि खाली स्वतःचं नाव, हुद्दा, निवृत्तीची तारीख.

तिसऱ्या दिवशी त्याने माझे पाच डबे टेबलावर ओळीने मांडले. तूर, मूग, उडीद, मसूर, हरभरा. प्रत्येक डबा म्हणजे एक गाणं. पहिला वाजवला, पहिलाच राहिला. दुसरा वाजवला, उचलून पुढे ठेवला. तिसरा अजून तिसऱ्याच जागी. तो वाजवला, पुढे ठेवला. चौथा चौथ्याच जागी! दिगंबरने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"ज्याची पाळी तो आपल्या जागेवर सापडतो! गाणी एकदा एक ते चोवीस अशी उभी केली, की जितवं गाणं, तितवा चौकोन. फक्त मध्ये कुणी घुसायचं नाही. एकही घुसला की गेलं."

"पण ती एक ते चोवीस उभी कशी करणार?"

"शेवटून सुरू करायचं. आधी चोविसावं उघडायचं, मग तेविसावं. एकला हात सगळ्यांत शेवटी लावला, की तोच पहिला."

तेव्हापासून आमच्याकडे सकाळी सात वाजता हजेरी सुरू झाली. चोवीस ते एक अशी गाणी, प्रत्येकाचे दोन सेकंद. कुठल्या गाण्याची सतार, कुठल्याचा ढोलक, कुठल्याचं नुसतंच 'टँव्', आणि शेवटी पहिल्या क्रमांकाच्या स्तवनाचा शंख. मी सांगत होते, अहो, कार्यक्रमाच्या दिवशी एकदाच करा ना हे. पण हजेरी रोज घ्यायची असते म्हणे. वरच्या मजल्यावरची नम्रता घरून काम करते, तिने जिन्यात मला हळूच विचारलं, "काकू, काका रोज सकाळी बिघडलेला रेडिओ दुरुस्त करतात का?" मी म्हटलं, "नाही गं, तो बिघडलेला नाहीये. रेडिओही नाहीये."

आता कराओके मंडळांची एक रीत आहे, ती ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी निदान चारजण येऊन म्हणतात, "मला जरा लवकर जायचंय, माझं आधी घ्या." म्हणायचंच असतं ते, नमस्कारासारखं. पूर्वी दिगंबर बिनतक्रार घ्यायचा. आता त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं, क्रम म्हणजे क्रम, कारणं सांगू नयेत. मंडळात कुजबुज सुरू झाली. आमच्यातला सगळ्यांत तरुण सभासद आमोद, वय एकसष्ट, कॉम्प्युटर कंपनीतून निवृत्त, म्हणाला, "काका, मी माझ्या टॅबवर घेतो ना सगळं. दोन सेकंदांचं काम आहे." दिगंबर त्याच्याहून फक्त दहा वर्षांनी मोठा. त्या 'काका'ने तो दिवसभर पेटलेला होता. मग अध्यक्ष रामदासभाऊंनी मधला मार्ग काढला. या कार्यक्रमात घोळ झाला, तर पुढच्यापासून टॅब.

कार्यक्रमाची संध्याकाळ आली. टिळक रस्त्यावरचं छोटं सभागृह, वेळ पाचची. साडेचारलाच दिगंबर पडद्याआड टेबलाशी, समोर लॅपटॉप, बाजूला क्रमाचा कागद, पट्टी आणि पेन्सिल. पावणेपाचला यमुनाबाई आल्या. त्यांना सांभाळणारी हिरा त्यांना धरून घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसवलं. केवढ्याशा झाल्या होत्या बाई! मी पाया पडले. म्हणाल्या, "कितवी आहेस?" मी म्हटलं, सतरावी. "हं."

चोवीस गाणी म्हणजे सव्वासहापर्यंत सतरा यायला हरकत नव्हती. पण प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. विषय 'संगीत आणि मी'. त्यात संगीत फारसं नव्हतं. पन्नास मिनिटं! मधे एकदा त्यांनी 'आणि शेवटी' म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर त्या उत्साहाने त्यांनी बालपण पुन्हा काढलं. स्तवन होऊन पाचवं गाणं सुरू झालं तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि हिरा विंगेत आली.

"मावशी, आम्ही साडेसहाला निघतो हां. बाईंना घरी सोडून मला स्वारगेटला सासवडची गाडी धरायचीय. ती गेली की मग काही नाही."

सतरावं गाणं यायला सात वाजून जाणार होते. अठ्ठेचाळीस वर्षं थांबले आणि आता अर्ध्या-पाऊण तासासाठी बाई निघून जाणार! मी सरळ दिगंबरच्या टेबलाशी गेले.

"अहो, ऐका..."

"क्रम," तो म्हणाला. वर पाहिलंसुद्धा नाही.

"अहो, यमुनाबाई चालल्यात."

"आत्ताच गोदाबाई आधी घ्या म्हणाल्या, त्यांना नाही म्हटलं मी. त्यांचे गुडघे बघ. रामदासभाऊ अध्यक्ष आहेत, त्यांनाही नाही म्हटलं. आणि घरच्या माणसाला हो म्हणू?"

यावर मी त्याला जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. पण खरं सांगते, जास्त राग कशाचा आला, तर त्याचं बरोबर होतं याचा. मी मागे फिरले. डोळे भरून आले होते, सगळे रंगीत दिवे एकमेकांत मिसळलेले. मनात म्हटलं, मेलं ते गाणं आणि मेलं ते स्टोअर.

आणि स्टोअर म्हटल्यावर आठवलं. लग्न झाल्यापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट. कारखान्यात माणसं रांगेत तासतास उभी असायची, साहेब आला तरी रांग मोडायची नाही. रांग थांबायची ती एकाच गोष्टीपुढे. लाल अक्षरातलं मागणीपत्र. तातडीचं, कारण लिहिलेलं, खाली सही. ते ज्याच्या हातात असेल त्याला दिगंबर टेंबेने कधी थांबवलं नाही, मग तो झाडूवाला का असेना.

लाल पेन कुठून आणणार? निवेदन करणारी सुरुची विंगेत आरशासमोर उभी होती. मी तिच्या हातातली लिपस्टिक ओढली. "अगं, नवी आहे ती!" ती ओरडतेय, पण मी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहायला सुरुवातही केली होती. मेले तरी लिहिणार नाही म्हटलेलं मागणीपत्र मी उभ्याउभ्या लिहिलं.

'गाणे क्र. १७. नग एक. तातडीचे. कारण: यमुनाबाई साडेसहाला जाणार.' खाली सही, उल्का टेंबे.

तो कागद मी त्याच्या कीबोर्डवर ठेवला. दिगंबरने आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. चष्मा वर केला, खाली केला.

"तारीख?"

मी तारीख घातली. लिपस्टिकचं टोक तुटलं.

त्याने कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली, आणि पाचवं गाणं संपल्याबरोबर स्वतः माइक घेतला. आठ वर्षांत पहिल्यांदा लोकांनी त्याचा आवाज ऐकला. "तातडीच्या मागणीवरून, क्रमांक सतरा."

मी स्टेजवर गेले. सुरुवातीला आवाज कापला, पहिली ओळ कशीबशी गेली. मग दुसऱ्या ओळीला एकदम मोकळा झाला, आणि मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की काय सांगू. यमुनाबाईंचे डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपल्या. मग दिसलं, खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट ताल धरतंय. शेवटपर्यंत धरलेला होता.

गाणं संपल्यावर मी धावत खाली गेले. हिराने त्यांना उठवून उभं केलंच होतं. बाई म्हणाल्या, "मध्यमावर घाई करतेस. तेव्हाही करायचीस." मी मान खाली घातली. दोन पावलं पुढे जाऊन त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या. "तयार आहे," म्हणाल्या, आणि हिराचा हात धरून निघून गेल्या. मी तिथेच भिंतीला टेकून रडले. चांगलं हुंदके देऊन रडले.

इकडे स्टेजवर पुढचा क्रमांक सहा. रामदासभाऊ. काळा चष्मा, खिशाला गुलाब, गाणं प्रेमाचं. त्यांनी प्रेक्षकांतल्या वहिनींकडे हात केला, दिगंबरने सहावा चौकोन दाबला, आणि सभागृहभर शंख घुमला. स्तवन!

स्तवन सुरू झालं म्हटल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं. सवयच ती. प्रमुख पाहुणे डुलकी घेत होते, ते दचकून उठले आणि थेट समईकडे निघाले. ती आधीच पेटलेली आहे हे पाहून त्यांनी तिला नमस्कार केला आणि परत आले. स्तवन मध्येच तोडायचं कसं? रामदासभाऊंनी काळा चष्मा काढला, गुलाब खिशात खोल सारला आणि हात जोडून सगळं स्तवन म्हटलं. खाली मान घालून जागेवर जाऊन बसले.

मग सुरुचीने क्रमांक सात पुकारला. गोदाबाई एकेक पायरी चढून, दर पायरीला 'आई गं' म्हणत माइकपाशी पोहोचल्या, आणि वाजायला लागलं रामदासभाऊंचं प्रेमगीत. खालून भाऊ ओरडले, "माझं! ते माझं!" आणि चष्मा लावत धावत वर. गोदाबाई म्हणाल्या, "मी काही आता उतरायची नाही. एवढ्या पायऱ्या काय गंमत म्हणून चढले?" त्यांना स्टेजवरच खुर्ची दिली. भाऊंनी प्रेमगीत गायलं. वहिनी समोर, गोदाबाई शेजारी. पुढे आठवा क्रमांक पुकारला, तर वाजलं गोदाबाईंचं. त्या बसल्या जागेवरून गायल्या आणि फार सुरेख गायल्या.

दिगंबर टेबलाशी पांढराफटक. बोट चालतंय, पण माणूस तिथे नाही. तेव्हा आमोद धावत पडद्याआड आला. मला वाटलं, आता लॅपटॉप ओढतो. पण तो म्हणाला, "काका, एकच घर मागे सरकलंय सगळं. हात लावू नका, तसंच चालू द्या. ज्याचा नंबर पुकारला त्याच्या आधीच्याने गायचं, बस्स!" सुरुचीने तसंच सगळ्यांना सांगितलं. आणि चाललं की हो! नववा पुकारायचा, आठव्याने गायचं. असं करत करत सोळाव्याचं गाणं आलं सतराव्या जागेवर. ती जागा मी रिकामी केलेलीच होती. अठरापासून सगळं पुन्हा आपापल्या ठिकाणी. चोवीस गाणी वाजली, एकही राहिलं नाही, स्तवन तेवढं दोनदा झालं. निघताना दोन आजोबा म्हणत होते, मधे पुन्हा स्तवन घ्यायची कल्पना छान होती, पावित्र्य टिकतं.

टॅबचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. सामान आवरताना आमोदने त्या खिडकीच्या कोपऱ्यातलं एक बारीक बटण दाबलं, तीन आडव्या रेघांचं. चौकोन गेले आणि जुनी यादी आली, एकाखाली एक, पूर्ण नाव, पूर्ण क्रमांक. दिगंबरने ती एक ते चोवीस बोटाने मोजली. मग म्हणाला, "छान आहे. पण आता सवय झाली." आणि चौकोन परत आणले.

घरी आलो. मी पिठलं टाकलं. दिगंबर टेबलाशी क्रमाचा कागद घेऊन बसलेला, मागणीपत्र त्याला टाचणीने लावत. मला राहवेना.

"अहो, एक विचारू? चौतीस वर्षांत एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही म्हणता. मी मध्ये घुसले म्हणजे पुढचा प्रत्येक चौकोन एकाने वाढवायचा. डाळीच्या डब्यांवर तुम्हीच मला शिकवलंत हे. मग सहाच्या जागी सात दाबायचा, एवढं साधं कसं विसरलात?"

त्याने टाचणी सरळ केली. मग म्हणाला, "तू गात होतीस ना."

"मग?"

"मग काय. ऐकत बसलो."

मी पिठलं ढवळत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला आज काही कारणच लागत नव्हतं. मागे कपाटाचं दार वाजलं, बरणी घासल्याचा आवाज आला, फडकं सोडल्याचा. वळून बघते तर दिगंबर यंदाची बरणी टेबलावर घेऊन उभा. आठ दिवसांपूर्वी घातलेली. गेल्या वर्षीची अजून अर्धी शिल्लक होती.

"अहो, क्रम?" मी म्हटलं.

"तातडीचं आहे," तो म्हणाला आणि त्याने माझ्या ताटात दोन फोडी वाढल्या.

लोणचं मुरलेलं नव्हतं. करकरीत, कच्चं, आणि मीठही नीट उतरलेलं नाही. मी तिसरी फोड मागून घेतली.